मदत हवी आहे: काम सोपवते, पण सुटत नाही
चार महिन्यांपूर्वी टीम लीड झाले. हाताखाली पाच जण आहेत, तरी रात्री ऑफिसात उरते मी एकटीच. दोष माझाच. काम देते, मग चैन पडत नाही आणि परत काढून घेते.

परवाचंच सांगते. महिन्याचा रिपोर्ट एका ज्युनिअरला दिला. त्याने वेळेत पाठवला, आकडेही बरोबर. पण कॉलमचा क्रम माझ्यासारखा नव्हता, म्हणून मी अख्खी शीट पुन्हा लावत बसले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "मॅडम, पुढच्या वेळी तुम्हीच करणार का?" टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. तेच जास्त लागलं.

"समजावण्यात तास जाईल, त्यापेक्षा वीस मिनिटांत मीच उरकते" हा हिशोब दर वेळी पटतो. पण तेच काम दर महिन्याला येतं, म्हणजे वर्षाचे चार तास गेलेच की!

ही सवय कुणी मोडली असेल तर सांगा. काम दिल्यावर मध्ये किती वेळा विचारायचं? चूक दिसली आणि डेडलाइन डोक्यावर असेल तर स्वतः दुरुस्त करता की परत पाठवता? "विश्वास ठेव" एवढंच नको, तो सल्ला नवऱ्याने देऊन झालाय.