मेपलची गाठी करायची आहे, पाक कुठे थांबवू?

ओटावाची_खार:
दोनदा प्रयत्न केला, दोन्हीदा फसला, म्हणून धागा काढतेय.

मेपलच्या झाडाचा रस आटवून केलेल्या सिरपच्या, पानाच्या आकाराच्या वड्या असतात ना, जिभेवर ठेवली की विरघळणाऱ्या, त्या घरी करायच्या आहेत. दुकानात इवल्याशा डबीत मोजून मिळतात आणि किंमत बघून हात मागे येतो. खरा बेत वेगळाच आहे: पाडव्याला गुढीला मेपलची गाठी घालायची. गेल्या वर्षी सासूबाईंनी पाठवलेली साखरेची गाठी बॅगेत चुरा होऊन पोचली. आणि पाडव्याच्या आगेमागेच इथे कॅनडात मेपलचा हंगाम असतो.

पहिल्यांदा वड्यांच्या सवयीने पाक उकळत असतानाच ढवळत बसले. पातेल्यातच रवाळ चिखल झाला. दुसऱ्यांदा चमचा लावलाच नाही, ११४ अंशांना उतरवला, मग वीस मिनिटं घोटला. सेट झालाच नाही. टॉफीसारखा चिकट, लेकीच्या दाताला बसला तो बसलाच. सिरप घरातलंच होतं, गडद रंगाचं. कुठे चुकतंय?

गुऱ्हाळ:
आधी सिरप बदल. बाटलीवर रंग लिहिलेला असतो: गोल्डन, अंबर, डार्क, व्हेरी डार्क. वड्यांना गोल्डनच घ्यायचं, फार तर अंबर. हंगाम सरत येतो तसा रस बदलतो, आणि गडद सिरपमधल्या साखरेचा जास्त भाग फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेला असतो. तो पाकाला दाणा धरू देत नाही. आपली काकवी कितीही घोटली तरी पातळच राहते, त्यातलाच प्रकार. गडद सिरप चवीला जबरदस्त, पण ते डोशाबरोबर खा.

दुसरं, थर्मामीटर उकळत्या पाण्यात धर आणि आकडा इथे सांग. ११४ ला पाठ केलेल्या आकड्यासारखं धरू नकोस. पाणी ज्या आकड्याला उकळतं, त्याच्या वर १५ ते १८ अंश, हे खरं माप. १५ ला मऊ वडी, १८ ला घट्ट.

कॅलगरीकर:
गुऱ्हाळ यांना हजारदा अनुमोदन. आमचं गाव हजार मीटर उंचीवर, इथे पाणी ९६-९७ लाच उकळतं. मी पुस्तकात बघून इमानदारीत ११८ पर्यंत नेला. साच्यात ओतायच्या आधीच पातेल्यात दगड. चमचा उभा अडकला होता, शेवटी गरम पाण्यात भिजवून काढला.

भांडं मोठं घ्या. दोन वाट्या सिरपला मी चार वाट्यांचं पातेलं घेतलं होतं आणि फेस थेट शेगडीवर. उतू जायला लागलं की तुपाचा एक थेंब टाकायचा, फेस लगेच बसतो. थेंब म्हणजे थेंबच. आणि मुलांना लांब ठेवा, पाकाचा चटका पाण्याच्या चटक्यासारखा नसतो, तो चिकटून बसतो.

तिखटजाळ:
एवढं महागाचं सिरप आणून परत आटवायचं? गुळाचा खडा खा की.

गुऱ्हाळ:
तिखटजाळ, साधारण ४० लिटर रस आटवला की १ लिटर सिरप होतं. आटवणं हाच तिथला धंदा आहे, आपण फक्त शेवटचा टप्पा घरी करतोय. पूर्वी तर सिरप हे मधलं रूप होतं. तिथले मूळ रहिवासी आणि नंतरचे शेतकरी सरळ साखरच करून ठेवायचे, कारण ती टिकते. क्वेबेकमध्ये त्यासाठी कोरीव लाकडी साचे असत, बदाम, घर, बीव्हर असल्या आकारांचे.

सदाशिव_पेठी_आत्या:
लाकडी साचे म्हटल्यावर राहवलं नाही. आमच्या वाड्याजवळ गाठी करणारे होते, त्यांचे साचेही लाकडीच. पाण्यात भिजवून ठेवायचे, म्हणजे साखर लाकडाला धरत नाही. साच्यात आधी दोरा ताणून ठेवायचा, वरून पाक. दोरा नंतर खोचायला गेलीस तर पदकाचे दोन तुकडे होतील. तुझ्याकडे सिलिकॉनचा साचा असेल तर दोन खळग्यांमधल्या कडेला बारीक चीर दे आणि त्यातून दोरा ने. दोरा सुती घे.

आणि बाळ, पाक उतरवल्यावर लगेच घोटत असशील तर तेही चूक. थोडा निवू द्यावा.

गुऱ्हाळ:
आत्या बरोबर बोलल्या, मुख्य मेख तिथेच आहे. उतरवला की हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, कडा खरवडायच्या नाहीत, पातेलं हलवायचंसुद्धा नाही. साधारण ८५ ला आला की लाकडी चमच्याने घोटायला घ्यायचा. उकळत्या पाकात घोटलं की दाणा मोठा पडतो, जिभेला वाळूसारखा लागतो. पहिल्यांदा तुझं तेच झालं.

घोटताना आकडा नको बघू, पाक बघ. आधी चमच्यामागे काचेसारखी तार ओढली जाते. मग रंग फिकट होतो, दुधाळ चहासारखा. मग चकाकी जाते आणि चमचा जड लागतो. चकाकी जायला लागली, की ओत. पूर्ण जायची वाट बघितलीस तर कॅलगरीकरांचा दगड.

ओटावाची_खार:
पाण्यात धरला. १०३!! आमच्या गावाला काही समुद्राच्या खाली नेलेलं नाही, म्हणजे यंत्र तीन अंश जास्त दाखवतंय. माझे ११४ म्हणजे खरे १११. वर गडद सिरप. आता कळलं टॉफी का झाली.

मुळा_मुठा:
मध्येच विचारते, पुण्यात मिळणाऱ्या सिरपचं होईल का? माझ्याकडच्या बाटलीवर मेपल फ्लेवर्ड लिहिलंय.

गुऱ्हाळ:
नाही होणार. त्यात बहुतेक कॉर्न सिरप असतं, ते दाणा धरूच नये म्हणून वापरतात. घटकांमध्ये मेपल सिरप हा एकच शब्द असेल तर करा.

ओटावाची_खार:
झाली!

५४० मिलीचा गोल्डनचा डबा आणला, त्यातलं अर्धं घेतलं. माझ्या खोट्या थर्मामीटरवर १०३ अधिक १६, म्हणजे ११९ ला उतरवला. पातेलं ओट्यावर ठेवून स्वयंपाकघराबाहेर जाऊन बसले, नाहीतर हात गेलाच असता. मग घोटला. तीन-चार मिनिटं काहीच होईना, आणि एकदम दुधाळ. आत्या, चिरा देऊन दोरा आधीच ताणला होता. नऊ खळग्यांपैकी सात नीट भरले, शेवटचे दोन भरेपर्यंत पातेल्यात घट्ट झालं. ते खरवडून चहात घातलं, चहा अफाट लागला.

दोन पदकांवर पांढरे ठिपके आलेत, पण गुढीवर कडुलिंबाआड कोण बघतंय. बाकी पानं पंधरा मिनिटांत साच्यातून सुटली, कडा अगदी धारदार. उरलेल्या अर्ध्या डब्याचं पोळीला लावायचं क्रीम करू म्हणते. त्याला किती?

गुऱ्हाळ:
पाण्याच्या वर १२-१३. तुझ्या यंत्रावर ११५-११६. पण हा पाक पूर्ण गार होऊ दे, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवलंस तरी चालेल. मगच घोट, आणि हात दुखणार हे गृहीत धर.