स्नॅपशॉट घेतलाय, मग वेगळा बॅकअप कशाला?

वर तुम्ही विचारलंय की व्हर्च्युअल मशीनचा (संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेल्या संगणकाचा) स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची नोंद) रोज घेतो, मग वेगळा बॅकअप कशाला? कृपा करून नुसत्या स्नॅपशॉटवर विसंबू नका. इथे इंदूरला सियागंजमधल्या एका व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या सर्व्हरवर मी हेच केलं होतं. डिस्क गेली, तिच्याबरोबर सगळे स्नॅपशॉटही गेले. दिवाळीच्या तोंडावर चार दिवस बिलं हातानं पुन्हा भरली.

स्नॅपशॉट ही पूर्ण प्रत नसतेच. मशीनची मूळ डिस्क, म्हणजे एक मोठी फाइल, तिथेच गोठते आणि पुढचे बदल वेगळ्या फाइलमध्ये साठतात. मूळ फाइल बिघडली की ती बदलांची फाइल एकटी निरुपयोगी. शिवाय ती फुगत जाते, पार मूळ डिस्कएवढी होऊ शकते, आणि जागा संपली की मशीन थांबतं. अशी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी स्वतःच सांगते की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. अपडेटच्या आधी घ्या, काम नीट झालं की काढून टाका.

पूर्ण क्लोन, म्हणजे मशीनची संपूर्ण नक्कल, मात्र स्वतंत्र असतो, तो दुसऱ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या इमारतीत ठेवा. लिंक्ड क्लोन नको, तो मूळ मशीनवरच अवलंबून असतो. क्लोन आणि मूळ मशीन एकाच नेटवर्कवर एकदम चालू करायचं असेल, तर क्लोनचा आयपी पत्ता, होस्टनेम (नेटवर्कवरचं मशीनचं नाव) आणि लिनक्स असेल तर मशीन-आयडीही (प्रत्येक मशीनचा वेगळा ओळख क्रमांक) आधी बदला.

आणि महिन्यातून एकदा तो क्लोन खरंच चालू करून, डेटाबेस उघडून बघा. मी आता दर पहिल्या रविवारी बघतो.