देणगीदारांची यादी तीन स्तंभांत: माऊस की मार्कअप?

गलबत:
मालवणकडच्या आमच्या देवस्थानाची स्मरणिका गणपतीआधी निघते. चार लेख, पालखीचे फोटो, जाहिराती हे सगळं कसंबसं निभतं. रक्त आटतं ते देणगीदारांच्या यादीवर. माझं मत स्पष्ट आहे: यादी आणि लेख लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरातच आज्ञा (मार्कअप) लिहून पानं लावणाऱ्या प्रणालीत करावेत, फक्त जाहिरातींची पानं माऊसनं पानं लावणाऱ्या डीटीपीवाल्यांकडे ठेवावीत.

नावं येतात व्हॉट्सअ‍ॅपवरून, म्हणजे युनिकोडात. पानं लागतात पेजमेकर या जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरवर, त्याला युनिकोड कळत नाही. मग मधे कन्व्हर्टर येतो आणि ‘आचऱ्याचे’ देणगीदार ‘आचर्याचे’ होऊन बसतात. प्रूफ बघणारा तीनशे नावांत असे रफार किती वेळ शोधणार? झीलाटेकमध्ये, म्हणजे युनिकोड कळणाऱ्या लाटेकमध्ये, मजकूर आला तसाच जातो. फॉन्टची भाषा मराठी सांगितली की, फॉन्टात सोय असेल तर, श आणि ल सुद्धा आपल्या वळणाचे येतात.

दुसरं म्हणजे स्तंभ. सुरुवातीलाच ‘टूकॉलम’ पर्याय दिला तर शेवटच्या पानावर डावा स्तंभ तळापर्यंत भरतो आणि उजवा अर्धा मोकळा राहतो. ते बघून लोक लाटेकला नावं ठेवतात. फ्रँक मिटेलबाख यांचं मल्टिकॉल हे पॅकेज (लाटेकची जोड-पुरवणी) वापरा. शीर्षक पानभर, खाली तीन स्तंभ, यादी संपते तिथे तिन्ही स्तंभ एका उंचीवर, आणि त्याच पानावर पुढे दोन स्तंभांत आभार सुरू. शेवटच्या दिवशी कांदिवलीहून आणखी बारा नावं आली तरी फाइल पुन्हा चालवायची, बस्स.

सुरंगी:
मी रत्नागिरीत डीटीपीच करते, त्यामुळे बोलणं भाग आहे. तुमची तक्रार पेजमेकरबद्दल आहे, माऊसबद्दल नाही. पेजमेकरची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची. आजही कोणी त्यावर काम करत असेल तर दोष कोणाचा? इनडिझाइन या नव्या डीटीपी सॉफ्टवेअरला युनिकोड कळतं, आणि चौकटी एकमेकींना जोडल्या की बारा नावं तिथेही आपोआप पुढे सरकतात.

आता लेखांचं बोला. लेखात उपशीर्षक आलं की मल्टिकॉलमध्ये शेजारच्या दोन स्तंभांतल्या ओळी एकमेकींसमोर राहत नाहीत. पातळ कागदावर मागची छपाईही दिसते, मग पान अगदी गचाळ वाटतं. आमच्याकडे बेसलाइन ग्रिड (पानभर ठरावीक अंतराच्या अदृश्य रेघा) लावला की ओळीला ओळ लागते. आणि फोटो? मल्टिकॉलच्या आत तरंगतं चित्र, म्हणजे ज्याची जागा लाटेक स्वतः ठरवतं असं चित्र, चालतच नाही. इशारा येतो आणि चित्र गायब. पालखीचा फोटो गायब झाला तर गावात तोंड दाखवाल का?

गलबत:
फोटो तरंगता ठेवायचाच कशाला? जिथे हवा तिथे स्तंभाच्या रुंदीएवढा बसवायचा. पानभर हवा असेल तर तारांकित फिगर (figure* ही आज्ञा) आहे, तो पुढच्या पानाच्या डोक्यावर जातो. ओळींचा मुद्दा मान्य, पण यादीत तो येतोच कुठे? सगळ्या ओळी एकाच मापाच्या. वाडीवार उपशीर्षकं घातली तर ‘रॅगेडकॉलम्स’ द्यायचं, म्हणजे स्तंभांचे तळ जुळवण्यासाठी मधल्या जागा ताणल्या जात नाहीत.

काजूगर:
माका येक सांगा. तुमी मुंबैक गेलात काय ती फाईल कोण उघडतलो? गणपतीच्या तोंडार लाल अक्षरात एरर इलो तर कमिटीत समजणारो येक तरी माणूस आसा काय? डीटीपीवालीक फोन तरी करूक येता.

पोंभुर्ल्याशेजारचा:
दोघेही एकाच प्रकारच्या स्तंभांबद्दल बोलताय. आमच्या देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर. त्यांचं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ ला निघालं तेव्हा एका स्तंभात मराठी आणि शेजारी इंग्रजी होतं. तिथे मजकूर एका स्तंभातून दुसऱ्यात वाहत नाही, दोन्ही स्तंभ समांतर चालतात. त्या कामाला मल्टिकॉल निरुपयोगी, ते डावीकडचं उजवीकडे ओतणार. त्यासाठी पॅराकॉल हे वेगळं पॅकेज आहे: दोन मजकूर आपापल्या स्तंभात पानोपान चालतात, आणि आपण सांगू तिथे दोन्ही पुन्हा एका रेषेत येतात.

गलबत, तुम्ही या वर्षी देवापुढे घालायचं गाऱ्हाणं छापणार असाल तर मालवणी डावीकडे आणि मुंबईत वाढलेल्या नातवंडांसाठी प्रमाण मराठी उजवीकडे असं करून बघा. माऊसनं हे करताना डावीकडे एक ओळ वाढली की उजवीकडचं सगळं हातानं खाली ढकलावं लागतं. इथे माझं मत मार्कअपलाच.

सुरंगी:
गाऱ्हाण्यापुरतं पटलं. पण तीन स्तंभांतले लेख मात्र कोणत्याही साधनानं करू नका. ए-फोर पानावर समास सोडून सतरा सेंटिमीटर उरतात, म्हणजे एक स्तंभ जेमतेम साडेपाच. त्यात ‘जीर्णोद्धारासाठीसुद्धा’ असा शब्द आला की एकतर ओळीत भगदाडं पडतात, नाहीतर शब्द शेजारच्या स्तंभाकडे सरकतो. लाटेक अख्ख्या परिच्छेदाचा विचार करून ओळी तोडतं हे खरं, पण ओळीत चारच शब्द मावत असतील तर ते तरी काय करणार?

गलबत:
लेख दोन स्तंभांत, उजवी कड मोकळी. यादी तीन स्तंभांत. काजूगर, फाइल सामायिक ठेवतो. नावं शीटमध्ये भरायची, लाटेकला हातच लावायचा नाही. पीडीएफ मी मुंबईहूनही काढू शकतो.

काजूगर:
ता ठीक. पण नावां लावतलास कशी? रकमेप्रमाण की अक्षराप्रमाण? गेल्या सालचो वाद अजून मिटाक नाय.

सुरंगी:
आणि अक्षराप्रमाणे लावायची तर आडनावानं की नावानं? निम्म्या वाडीचं आडनाव एकच आहे. हे आधी कमिटीकडून लिहून घ्या, मग साधन ठरवा.