फायटरच्या पिल्लांना पहिलं जिवंत खाणं कोणतं द्यावं? सल्ला हवा

भांडुपवाला

नमस्कार मंडळी. फायटर (बेटा) माशांची जोडी तयार आहे. नराने बुडबुड्यांचं घरटं बांधायला घेतलंय, मादीचं पोटही भरलेलं दिसतंय, पण दोघांना अजून एकत्र सोडलेलं नाही. पिल्लांच्या खाण्याची सोय झाल्याशिवाय सोडायचं नाही असं ठरवलंय. आजवर गप्पी आणि मॉली वाढवल्या. त्यांची पिल्लं जन्मल्या दिवसापासून चुरलेलं कोरडं खाणं खातात. फायटरची पिल्लं तशी नसतात एवढं वाचून कळलं.

दुकानांत विचारलं तर एकाने पावडरची डबी हातात ठेवली, दुसरा म्हणाला उकडलेल्या अंड्याचा बलक कपड्यातून गाळून द्या, तिसऱ्याच्या मते आर्टेमियाशिवाय (खाऱ्या पाण्यातला झिंग्यासारखा बारीक जीव) पर्याय नाही. घर वन रूम किचन आहे, वास मारणारं काही घरात चालणार नाही. सकाळी आठची लोकल, घरी यायला रात्रीचे साडेआठ. या सगळ्यात बसेल असं काय निवडू, आणि ते घरी वाढवायचं कसं?

खाडीकाठ

जोडी थांबवून ठेवलीत हे फार चांगलं केलंत. आधी खाणं जमवायचं, मग अंडी.

पाणी २७-२८ अंशांवर असेल तर अंडी २४ ते ४८ तासांत फुटतात. त्यापुढचे दोन-तीन दिवस पिल्लं घरट्याखाली शेपटी खाली करून लटकलेली असतात आणि पोटातल्या बलकावर जगतात. तेव्हा टाकीत काहीही टाकू नका, नुसतं पाणी नासेल. पिल्लं आडवी पोहू लागली की नर काढायचा आणि त्याच दिवसापासून खाणं सुरू करायचं.

हलतं तेच खायचं, एवढंच त्या पिल्लांना कळतं. पावडर आणि बलक यांची अडचण तिथेच आहे. बहुतेक पिल्लं त्याकडे बघतही नाहीत, ते तळाला बसतं, आणि पिल्लांच्या टाकीत पाणी चार-पाच इंचच असल्यामुळे अमोनिया चढायला वेळ लागत नाही. बलक मी कुणालाच सुचवत नाही.

निवड तोंडाच्या मापाने करा. आर्टेमियाचं ताजं पिल्लू साधारण ०.४ ते ०.५ मिलिमीटर असतं. फायटरची धट्टीकट्टी पिल्लं ते पहिल्या-दुसऱ्या दिवशीच गिळतात, पण एका घरट्यातली सगळी पिल्लं सारखी नसतात. बारीक राहिलेल्यांसाठी पहिले चार-पाच दिवस त्याहून लहान काहीतरी हवंच. हनी गुरामी या दुसऱ्या माशाची पिल्लं तर आणखी लहान, त्यांना सुरुवातीला आर्टेमिया झेपतच नाही.

तुमच्या घराला आणि वेळेला व्हिनेगर ईल सगळ्यात योग्य. हे सूतकिडे एक-दोन मिलिमीटर लांब पण जाडीला जेमतेम ०.०५ मिलिमीटर, त्यामुळे अगदी बारीक तोंडातही जातात. गोड्या पाण्यात ते काही दिवस जिवंत राहतात आणि तळाला न बसता पाण्यात वळवळत असतात. तुम्ही दिवसभर बाहेर असलात तरी पिल्लांसमोर खाणं असतं. वास येतो तो व्हिनेगरचाच.

मोठ्या काचेच्या बाटलीत अर्धं अ‍ॅपल सायडर व्हिनेगर, अर्धं पाणी, सफरचंदाच्या दोन-तीन फोडी आणि कुणाकडून तरी आणलेलं थोडं विरजण, म्हणजे जिवंत किडे असलेलं पाणी. तोंडाला कापड, बाटली कपाटात. तीन-चार आठवड्यांत किडे दाट होतात आणि नंतर महिनोन्‌महिने बघावं लागत नाही. मुंबईचा उन्हाळाही सोसतात. काढायचे असतील तेव्हा लांब मानेच्या बाटलीत हे पाणी मानेच्या बुडापर्यंत भरा, वर फिल्टरचा कापूस बसवा आणि कापसावर गोडं पाणी हळूच ओता. किडे हवेकडे चढतात. सकाळपर्यंत वरचं पाणी दुधट होतं, तेच ड्रॉपरने घ्यायचं. व्हिनेगर टाकीत जात नाही.

जुनी_टाकी

खाडीकाठ यांच्याशी सहमत. फक्त विरजण आज मिळालं तरी बाटली दाट व्हायला वेळ लागणार आणि नराचं घरटं तेवढं थांबेलच असं नाही. तोवर इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव, लावा, त्याला पैसे लागत नाहीत.

बरणीत तुमच्याच चालू टाकीचं पाणी घ्या, त्यात स्पंज फिल्टर पिळून आलेला गाळ थोडा टाका आणि देशी बदामाचं वाळलेलं लाल पान चुरून घाला. हे झाड मुंबईत रस्तोरस्ती आहे, फक्त फवारणी झालेल्या आवारातली पानं उचलू नका. पानाऐवजी उकळत्या पाण्यातून काढलेलं कोबीचं पान चालतं, पण त्याला वास जास्त. पहिले दोन-तीन दिवस पाणी गढूळ होतं. ते जिवाणू, अजून खाणं नव्हे. मग पाणी निवळायला लागतं आणि अंधारात बाजूने टॉर्च मारला की धुळीसारखे ठिपके स्वतःहून फिरताना दिसतात. भिंगातून बघा, पहिल्यांदा दिसतात तेव्हा फार आनंद होतो. तेव्हाच द्यायला घ्या, एका वेळी थोडं. सडका वास आला तर ती बरणी टाकून द्या. दोन दिवसांच्या अंतराने दोन बरण्या लावल्या की खंड पडत नाही.

पिल्लांच्या टाकीत जावा मॉस या पाणवनस्पतीचा झुपका आधीपासून ठेवा. त्यावर हे जीव आपोआप वाढतात आणि पिल्लं दिवसभर तिथे टिपत बसतात.

भांडुपवाला

दोघांचेही मनापासून आभार. बरणी आजच लावतो. दोन शंका. मायक्रोवर्म (तेही बारीक सूतकिडेच) सोपे म्हणतात, ते का नकोत? आणि आर्टेमिया नोकरी सांभाळून कसा बसवायचा?

खाडीकाठ

मायक्रोवर्म वाईट नाहीत. शिजवून गार केलेल्या ओट्सवर चिमूटभर यीस्ट आणि त्या किड्यांचं चमचाभर विरजण घातलं की काही दिवसांत डब्याच्या भिंतीवर चढतात, बोटाने पुसून घ्यायचे. पण एप्रिल-मे महिन्यात डबा लवकर आंबतो आणि वास वन रूम किचनमध्ये लपत नाही. शिवाय ते तळाला जातात, जास्त पडले तर तिथेच मरून सडतात. थंडीच्या दिवसांत हाताशी म्हणून ठेवा, सगळा भार त्यांच्यावर नको.

आर्टेमिया मात्र पहिल्या आठवड्यापासून हवाच. त्यावर पिल्लं ज्या वेगाने वाढतात तो वेग मला दुसऱ्या कशावर दिसलेला नाही. त्याची सुकी अंडी विकत आणून घरीच फोडायची. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खायचा सोडा. समुद्राचं पाणी चौपाटीवरून आणू नका, ते स्वच्छ नसतं. पाण्याच्या बाटलीचा तळ कापून ती उलटी टांगा, हवेची नळी थेट बुचापर्यंत सोडा. एअर स्टोन लावू नका, फेसाबरोबर अंडी काठाला चिकटतात. पाव चमचा अंडी, जवळ दिवा. २८ अंशांच्या आसपास साधारण २४ तासांत फुटतात, म्हणजे रात्री लावलेली बाटली दुसऱ्या रात्री तयार.

हवा बंद करून दहा मिनिटं थांबा. टरफलं वर तरंगतात, नारिंगी पिल्लं खाली उजेडाकडे जमतात. ती नळीने दाट कापडावर घ्या, गोड्या पाण्याने धुवा आणि द्या. टरफलं जाऊ देऊ नका, पिल्लांच्या पोटात अडकतात. जमलेल्यातले निम्मे रात्री द्या, निम्मे मिठाच्या पाण्यातच फ्रिजमध्ये ठेवून सकाळी निघण्याआधी द्या. गारव्यात त्यांच्या पोटातला बलक लवकर संपत नाही, आणि पोषण त्या बलकातच असतं. गोड्या पाण्यात ते काही तासांतच मरतात, म्हणून पंधरा मिनिटांत संपेल एवढेच घाला. नीट खाल्लं की पिल्लांची पोटं नारिंगी दिसतात, टॉर्च मारून रोज बघा. दिवसभरासाठी व्हिनेगर ईल आणि मॉस आहेतच.

मोइनावाली

आर्टेमियाची अंडी विकत घेताना एक नक्की विचारा: टरफल काढलेली आहेत का? दुकानात वाळवून विकतात ती सहसा फुटत नाहीत. ते मेलेलं, न हलणारं खाणं आहे. पाकिटं सारखीच दिसतात आणि क्रॉफर्ड मार्केटच्या गर्दीत वाचायचं राहून जातं. सुट्या पुड्यांतली अंडीही टाळा. पावसाळ्यात दमट हवा लागली की अंडी फुटायचं प्रमाण पार घसरतं. सीलबंद डबा घ्या, उघडल्यावर घट्ट झाकणाच्या बरणीत सिलिका जेलच्या पुडीसकट फ्रिजमध्ये ठेवा.

पिल्लं दोन आठवड्यांची झाली की मोइना, म्हणजे बारीक पाणपिसू, द्या. गोड्या पाण्यातलाच जीव, त्यामुळे खाईपर्यंत टाकीत जिवंत राहतो, आणि मुंबईचं तापमान त्याला मानवतं. त्याच जातकुळीतली मोठी डाफ्निया मे महिन्यात टिकवणं फार कठीण. एका टबात क्लोरीन उडालेलं पाणी, पाण्याला जरा धूसर छटा येईल एवढंच यीस्ट, ते निवळलं की पुन्हा. दाट झाले की रोज थोडे काढत राहा, नाहीतर एका रात्रीत सगळे मरतात.

टब गॅलरीत ठेवणार असाल तर वर बारीक जाळी ताणून बांधा. डेंगीचा एडिस आणि मलेरियाचा अ‍ॅनोफिलिस स्टीफन्सी दोघेही साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतात. महापालिकेची माणसं तपासायला येतात हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे शेजारी लहान मुलं असतात.

नाल्यातले ट्युबिफेक्स (लाल किडे) पिल्लांना अजिबात नकोत.

जुनी_टाकी

आणखी एक. टाकीवर काच ठेवा आणि त्या खोलीत एसी लावू नका. पहिल्या काही आठवड्यांत पिल्लांचा हवेतून श्वास घ्यायचा अवयव तयार होत असतो, तेव्हा पाण्यावरची हवा उबदार आणि दमट हवी. पाणी बदलताना हवेच्या बारीक नळीने काढा आणि तसंच थेंबथेंब भरा.

भांडुपवाला

सगळं वहीत उतरवून घेतलं. आता प्रश्न व्हिनेगर ईलच्या विरजणाचा. मुंबईत कुणाकडे मिळेल?

खाडीकाठ

माझ्याकडे भरपूर आहे, पैसे नकोत. रविवारी सकाळी दादरला असतो. निरोपात वेळ कळवा, मध्य रेल्वेच्या बाजूला पुलाखाली भेटू. अर्धी भरलेली बाटली देईन. गाडीत उभी धरा, आडवी करू नका, आणि घरी पोचल्यावर झाकण काढून कापड बांधा. व्हिनेगर आणि सफरचंद आधीच आणून ठेवा, म्हणजे त्याच दिवशी दोन बाटल्या लावता येतील. एक बिघडली तरी दुसरी राहते.