अँप्लिफायर बदलायच्या आधी केबल काढून बघा

वर एकांनी म्हटलंय की टीव्ही जोडला की स्पीकरमधून घूंऽऽ सुरू होतं, म्हणून अँप्लिफायरच बदलतो. थांबा राव! आधी सेट-टॉप बॉक्सच्या मागची, गच्चीवरच्या डिशकडून येणारी केबल पेच फिरवून काढा. घूंऽऽ थांबलं तर अँप्लिफायर बिनदोष आहे, हा ‘अर्थ लूप’, म्हणजे जमिनीकडे जाणाऱ्या दोन वाटांमुळे झालेलं वेटोळं. केबलचं जाळीचं आवरण गच्चीवर लोखंडाला टेकून जमिनीशी जोडलेलं आणि अँप्लिफायर घरच्या अर्थिंगला. दोन्हीकडच्या व्होल्टेजमध्ये जरासा फरक पडला की त्या आवरणातून ५० हर्ट्झचा प्रवाह फिरतो, तोच ऐकू येतो.

टीव्ही ते अँप्लिफायर ऑप्टिकल केबल टाका. तिच्यातून प्रकाश जातो, वीज नाही, त्यामुळे वाटच तुटते. जुन्या अँप्लिफायरला ती सोय नसेल तर आरसीए तारांमध्ये (आवाजाच्या नेहमीच्या लाल-पांढऱ्या पिनांच्या) आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावा, तो आवाज पुढं पाठवतो पण तारांची थेट जोड तोडतो. डिशच्या केबलवर मात्र अशी जोड तोडणारा साधा आयसोलेटर नको. वरच्या एलएनबीला (डिशसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) वीज त्याच केबलमधून जाते, ती अडली की चित्र बंद.

प्लगची अर्थ पिन काढून टाका, असा सल्ला कुणीतरी देतंच. अजिबात ऐकू नका, बॉडीला करंट उतरला तर जिवावर बेतेल. उलट शुक्रवार पेठेसारख्या भागातलं जुनं घर असेल तर वायरमनकडून मीटर लावून बघा. तीन पिनांचं सॉकेट दिसतं, पण मागं अर्थची तार असेलच असं नाही.

पंख्याचा रेग्युलेटर फिरवल्यावर चरचर कमीजास्त होत असेल तर ते दुखणं वेगळं. तिथं सिग्नलच्या तारा वीजतारांपासून लांब घ्या, ओलांडायच्याच असतील तर काटकोनात.