नंबर ४ टी एनफील्ड: दुर्बीण काढून पुन्हा चढवली की झिरो सरकतो

सरेकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा सांगलीचा, आता इंग्लंडात वोकिंगजवळ असतो. बिसलीची रेंज घरापासून जवळ. रीतसर सर्टिफिकेट काढून क्लबातल्या एका वयस्कर सभासदाकडून ली-एनफील्ड नंबर ४ मार्क १ टी घेतली आहे. १९४४ ची, बी.एस.ए.च्या शर्ली कारखान्यातली, पुढे हॉलंड अँड हॉलंडने तिची स्नायपर केलेली. दुर्बीण नंबर ३२, मार्क २. रायफलचा नंबर ब्रॅकेटवरच्या (दुर्बीण रायफलीला धरून ठेवतो तो सांगाडा) नंबराशी जुळतो. दस्त्याच्या मानेवर दुर्बिणीचा जो नंबर ठोकलाय, तो मात्र माझ्या दुर्बिणीचा नाही. मधल्या काळात कधीतरी ती बदलली गेली असणार.

अडचण अशी. शॉर्ट सायबेरियावर (बिसलीतलीच एक रेंज) १०० यार्डांवर, वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पाच गोळ्यांचा ग्रुप अडीच-तीन इंचांचा येतो. इतक्या जुन्या रायफलीकडून मला तेवढा पुरे. पण तो एका जागी राहत नाही, म्हणजे झिरो (नेम धरला तिथेच गोळी लागावी अशी जुळणी) टिकत नाही. सकाळी चार इंच उजवीकडे, पंधरावीस गोळ्यांनंतर हळूहळू डावीकडे आणि खाली. ब्रॅकेट काढून परत बसवला की आणखी तिसरीकडेच. दारूगोळा एकाच लॉटचा, पी.पी.यू. कंपनीचा, १७४ ग्रेन वजनाच्या गोळीचा. शिवाय आतला खांब (ज्याच्या टोकाने नेम धरतात ती उभी खूण) दुर्बिणीच्या मध्यावर नसून डावीकडे वर दिसतो. मार्क २ चे ड्रम (नेम वर-खाली आणि डावी-उजवीकडे सरकवायच्या फिरत्या चकत्या) सोडवायला वेगळं हत्यार लागतं म्हणतात. ते मागवू का? की दुर्बीणच कॉलिमेशनला (आतली भिंगं आणि खूण एका रेषेत आणून घ्यायला) पाठवू? ही रायफल मला कपाटात ठेवायची नाही, ३०० यार्डांवर चालवायची आहे. (मला अरे-तुरे चालेल.)

ओहायोकर

माझ्याकडे मोसिन-नागां आहे, १९४३ ची इझेव्स्कची, वर पी.यू. दुर्बीण. ती साडेतीन पटीची. खांब मध्यावर नाही म्हणून घाबरू नकोस. या जुन्या दुर्बिणींत ड्रम फिरवला की खांब आणि तारच सरकतात आणि ते डोळ्याला दिसतं. हल्लीच्या दुर्बिणींत मात्र कितीही फिरवलं तरी क्रॉस मधेच दिसतो.

पी.यू.च्या कोचेतोव्ह माउंटला (दुर्बीण धरणारा भाग) वर-खाली दोन स्क्रू असतात. एक सैल करून दुसरा आवळला की अख्खा माउंट किंचित कलतो, म्हणजे उंची बरीचशी तिथेच जुळवता येते आणि ड्रम मधल्या भागात ठेवता येतो. नंबर ४ च्या ब्रॅकेटला अशी सोय नाही. त्यामुळे माझा अनुभव तुला पुढे कितपत उपयोगी पडेल, शंका आहे. काकांनी बघावं.

आर्मररकाका

बघितलं. मी ई.एम.ई.त (लष्कराची यंत्रं आणि शस्त्रं दुरुस्त करणारी शाखा) आर्मरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा, होतो, गाव सातारा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत या टी रायफली हाताखालून गेल्या आहेत आणि त्यांच्यावर माझा जीव आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरेकर, हत्यार मागव, पण ड्रमला अजून हात लावू नकोस. झिरो चुकीचा असेल तर ड्रमने सुधारतो. सरकणारा झिरो ड्रमने सुधारत नाही. तुझा सरकतोय, म्हणजे काहीतरी हलतंय. ते आधी शोधायचं.

पहिलं, दुर्बीण उतरव आणि लोखंडी साइटवर (रायफलीवरच्या साध्या नेमखुणांवर) त्याच गोळ्या मार, दहापंधरा. ग्रुप जागेवर राहिला तर नळी आणि लाकूड निर्दोष. तोही फिरला तर दुर्बिणीचा संबंध नाही, लाकडाकडे जायचं. नंबर ४ चं पुढचं लाकूड तोंडाशी नळीला खालून २ ते ७ पौंडांचा दाब देतं. ट्रिगर गार्डचा पुढचा मोठा स्क्रू ढिला पडला किंवा लाकूड सुकून बसलं की तो दाब बदलतो आणि नळी तापेल तसा ग्रुप चालायला लागतो. तुझ्या "पंधरावीस गोळ्यांनंतर" या शब्दांमुळे हे आधी तपासायला सांगतोय.

साइटवर ठीक निघाली तर पॅड बघ. बॉडीच्या (बोल्ट ज्यात सरकतो तो लोखंडी भाग) डाव्या अंगाला दोन पॅड आहेत, ब्रॅकेट त्यांच्यावर दोन मोठ्या थंब स्क्रूंनी बसतो. पुढचा पॅड स्वतः छोट्या स्क्रूंनी धरलेला असतो. दुर्बीण आणि ब्रॅकेट यांचं वजन प्रत्येक धक्क्याला त्या छोट्या स्क्रूंना ओढतं. पुढचा पॅड ढिला होणं हे या रायफलीचं जुनं दुखणं. आणि ते बोटाला कळत नाही! ब्रॅकेट धरून हलवलास तर सगळं घट्टच वाटेल.

म्हणून असं कर. रायफल रिकामी आहे याची खात्री कर, बोल्ट काढून ठेव. पॅड आणि बॉडी यांच्या सांध्यावर पातळ तेलाचा एक थेंब सोड, वरचं पुसून घे. मग ब्रॅकेट चढवून, आवळून, दुर्बीण धरून दोन्ही बाजूंना जोर दे. सोबत कुणाला तरी बॅटरी घेऊन सांध्याकडे बघायला बसव. पॅड हलत असेल तर सांध्यातून तेलाचे बारीक बुडबुडे येतात, किंवा तेलाची रेघ आतबाहेर होते. घट्ट असेल तर तेल हलत नाही.

ते झालं की काजळी. तेल नीट पुसून पॅडच्या तोंडाला दिव्याची काजळी अगदी पातळ लाव, ब्रॅकेट बसवून आवळ, परत काढ. ब्रॅकेटवर ठसा पूर्ण गोलाला उमटला पाहिजे. एकाच कडेला उमटला तर ब्रॅकेट दर वेळी वेगळ्या कलाने बसणार. पण कानस चालवायची नाही, पॅडखाली पत्र्याचा तुकडाही घालायचा नाही. कारखान्यात हे ब्रॅकेट एकेका रायफलीला जुळवून बसवलेत, म्हणून तर त्यावर रायफलीचा नंबर आहे. एकदा घासलेला पॅड परत येत नाही.

थंब स्क्रू आळीपाळीने आवळायचे. एक थोडा, दुसरा थोडा. दर वेळी तसेच.

सरेकर

काका, शनिवारी जाऊन आलो. लोखंडी साइटवर ग्रुप शेवटपर्यंत जागचा हलला नाही. घरी तेलाची परीक्षा केली, बायको बॅटरी घेऊन बसली होती. मागचा पॅड कोरडा ठणठणीत. पुढच्याच्या खालच्या कडेला बुडबुडे, तिला पहिल्याच झटक्यात दिसले. काजळीचा ठसा मागे पूर्ण, पुढे अर्धा. स्क्रू मीच आवळू का?

आर्मररकाका

सूनबाईंना शाबासकी सांग.

स्वतः आवळू नकोस. ते स्क्रू फिरू नयेत म्हणून कडा ठोकून बसवलेले असतात. नुसता पेचकस लावलास तर खाच तुटेल. नंबर ४ टी हाताळलेला लायसन्सवाला गनस्मिथ गाठ आणि त्याला एवढंच सांग: पुढचा पॅड उतरवून, जागा साफ करून, नवीन स्क्रूंनी बसवा आणि कडा परत ठोका. पॉलिश नको, रंग नको. ठसा अर्धा येतोय तो बहुतेक पॅड कललाय म्हणूनच, बसवून झाल्यावर काजळी पुन्हा लावून बघ.

मग झिरो. आधी २५ यार्ड. दुर्बीण चढवण्याआधी बोल्ट काढ, मग ती चढवून रायफल पिशव्यांत पक्की रोव. नळीतून मागून बघून काळा ठिपका मधोमध आण, आणि रायफल न हलवता खांबाचं टोक त्याच्या जवळपास येतंय का बघ. दुर्बीण बदललेली आहे, त्यामुळे फार लांब असेल तर तेव्हा कॉलिमेशनचा विचार करू. जवळ असेल तर दुर्बिणीला काही करायची गरज नाही. ही दुर्बीण मुळात ब्रेनगनसाठी आखलेली, ती सहज बिघडत नाही.

पुढे १०० यार्डांवर पाच गोळ्या, त्यांचा मध्य काढ. चांदमारीत आम्ही एमपीआय म्हणायचो तो. मार्क २ ला एक क्लिक म्हणजे कोनाचं एक मिनिट, १०० यार्डांवर साधारण एक इंच, २५ वर पाव इंच. शिस्त (नेम) मूळ ठिकाणी धरून रायफल तशीच रोवून ठेव आणि दुसऱ्याला ड्रम फिरवायला सांग. खांबाचं टोक मारलेल्या ग्रुपच्या मध्यावर आलं की थांब. जुन्या ड्रमांत थोडी ढील असते, म्हणून हव्या त्या क्लिकच्या दोन पुढे जाऊन परत ये, आणि नेहमी एकाच दिशेने ये. पुन्हा पाच गोळ्या मारून खात्री करून घे.

हत्यार लागेल ते यानंतर. झिरो जागेवर आला की रेंजचा ड्रम १ वर (म्हणजे १०० यार्ड) आणि डावी-उजवीचा शून्यावर वाचला पाहिजे, त्यासाठी आकड्यांची चकती सोडवून फिरवायची. हे दोघांचं काम: एकाने ड्रम तसूभर न हलू देता धरायचा, दुसऱ्याने हत्याराने सोडवून आवळायचं. मार्क ३ मध्ये हीच कटकट काढून टाकली. आवळल्यावर लगेच आणखी पाच गोळ्या मार, कारण आवळतानाच बऱ्याचदा एखादा क्लिक निसटतो.

गनस्मिथकडून आलास की काजळीचा फोटो टाक. ३०० चं त्यानंतर बोलू.