स्टेंट प्लास्टिकचा की मेटलचा

ताई, तुम्ही विचारलंय की वडिलांना स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ आहे, कावीळ चढतेय, तर पित्तनलिकेत स्टेंट (पित्ताला वाट मोकळी ठेवणारी छोटी नळी) कुठला टाकावा. आमच्या काकांना स्वस्त पडतो म्हणून आधी प्लास्टिकचा टाकला, पण तो जेमतेम ३ मिलिमीटर रुंद असतो, साधारण ३ महिन्यांत चोंदतो. काकांना अडीच महिन्यांतच हुडहुडी भरून ताप आला आणि आम्ही व्हायरल समजून दोन दिवस घालवले, ती चूक अजून मनाला लागते. मेटलचा आत गेल्यावर फुलतो, ८-१० मिलिमीटर होतो म्हणून जास्त टिकतो, गाठ काढायचं ऑपरेशन होणार नसेल तर मेटलचाच घ्या असं मी म्हणेन. पण ऑपरेशन लगेच होणार असेल तर स्टेंट लागतोच का हे सर्जनना नक्की विचारा, नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासात आधी (प्लास्टिकचा) स्टेंट टाकलेल्यांपैकी ७४ टक्के लोकांना गंभीर त्रास झाला, थेट ऑपरेशनवाल्यांत ३९. अर्थात बिलिरुबिन (रक्तातलं काविळीचं प्रमाण) फारच वाढलं असेल, इन्फेक्शन असेल किंवा आधी केमो द्यायची असेल तर टाकावाच लागतो. आणि स्टेंटनंतर थंडी वाजून ताप आला, लघवी परत गडद झाली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच हॉस्पिटल गाठा.